रंगकोठीचा आकडा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्याकडून एका कागदावर सही करून घेतली. रंगकोठीच्या कुलपाचा आकडा फक्त मलाच सांगितलेला आहे, मी तो दुसऱ्या कुणालाही सांगणार नाही, आणि सांगितल्याचं आढळलं तर मला कामावरून काढण्यात येईल, असं त्यावर टाइप केलेलं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी नुकतीच हातात पडली होती. कारखान्याच्या रंगखात्यात बाईमाणूस म्हणून मी पहिलीच, त्यामुळे कुणी पुढे केलेल्या कागदावर हात आखडता घ्यायचा नाही, असं मी घरूनच ठरवून आले होते. झोकात सही केली.

कारखाना सोलापुरात अक्कलकोट रोडला होता. चादरी आणि टॉवेल. मागच्या अंगाला रंगखातं, आणि त्याला लागून पत्र्याच्या छपराची एक खोली. तिला सगळे रंगकोठी म्हणत. सुताचे रंग, कॉस्टिक आणि हायड्रोचे डबे तिथं ठेवलेले असत. कोठीला साधं कुलूप नव्हतं. मालकांनी मुंबईहून खास आणलेलं, चार पितळी चाकांचं आकड्यांचं कुलूप होतं. ठरलेला आकडा जुळवला की ते उघडायचं. मॅनेजरसाहेबांनी तो आकडा मला कानाजवळ येऊन हळू आवाजात सांगितला आणि आजूबाजूला बघितलं.

मी आकडा मनात घोकत कोठीपाशी गेले, तर दार सताड उघडं. आत एक वयस्कर माणूस तराजूत मरून रंग तोलत होता, आणि त्याच्यामागे दोघं रिकामे डबे घेऊन उभे होते.

"कुलूप कुणी उघडलं?" मी विचारलं.

"मी," तो माणूस मान वर न करता म्हणाला.

"आकडा कुणी दिला तुम्हाला?"

मागचे दोघं फिस्सकन हसले. त्या काळात आकडा म्हटलं की लोकांना पहिला मटकाच आठवायचा. वयस्कर माणसानं त्यांच्याकडे एकदा बघितलं, तसे ते गप्प झाले. मग तो मला म्हणाला, "द्यायला कशाला पायजे बाई? सायबाच्या स्कूटरच्या पाटीवर हाय की."

मी बाहेर जाऊन बघितलं. खरंच होतं. गेटाच्या आत, ज्या झाडाखाली साहेबांची स्कूटर उभी असायची, तिथून सगळा कारखाना दिवसातून चारदा जायचा.

त्या वयस्कर माणसाला सगळे मामा म्हणत. घर विणकरांचं, बोली तेलुगू. तीस वर्षं त्यांचे हात रंगात होते, नखं कायमची निळी झालेली. मराठी बोलायचे ते सोलापूरचंच, पण लिहायला-वाचायला फक्त तेलुगू यायचं. सुताची लडी हौदातून वर काढली की ती वाळल्यावर कुठल्या छटेवर येईल, हे ते ओल्यातच सांगायचे. मला जे पुस्तकातून कळलं होतं ते त्यांना बोटांनी कळत होतं, आणि याचा मला पहिले काही महिने रागच यायचा.

सही मी गंभीरपणे केली होती. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी मी कुलपाचा आकडा बदलला. नवा आकडा एका पाकिटात घालून, पाकीट चिकटवून साहेबांना दिलं, कारण त्यांच्याकडे तो असावा असा नियम होता. बाकी कुणालाही सांगितला नाही. रंग लागला की मला हाक मारायची, मी येऊन उघडणार. मामा एवढंच म्हणाले, "बाई, हितं एकट्यावर काय चालत न्हाय."

"चालवून दाखवते," मी म्हणाले.

तीन आठवडे चाललं. मग मला ताप भरला आणि मी तीन दिवस अंथरुणावर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळीवेशीतल्या आमच्या घरासमोर सायकलची घंटा वाजली. आईनं दार उघडलं तर मामा. कपाळावरून घाम गळत होता. पायरीवर पाय न ठेवता ते रस्त्यातूनच बोलले. हौदात निळ्याचं सूत पडलं होतं, हायड्रो कमी पडलं होतं, कोठीला कुलूप आणि साहेब मुंबईला. ते पाकीट साहेबांच्या टेबलाच्या खणात, आणि खणाची किल्ली साहेबांच्या खिशात.

"किती वेळ झाला?" मी चादर गुंडाळून दारात आले.

"सकाळधरनं. सुतावर चट्टे पडले बाई. ते काय आता सुधरत न्हाय. पण दुसऱ्या हौदातलं तरी वाचंल."

मी आकडा सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"सांगू नका. तुमी सही केलाय. तुमची नोकरी जाईल. येता येत असंल तर चला, मी डबलसीट नेतो."

आई मागून म्हणाली, "एवढ्या तापात? अजिबात नाही."

मला उभं राहवत नव्हतं. मी दाराची चौकट धरली आणि चारही आकडे मोठ्यानं सांगितले. मामांनी ते तेलुगूत पुटपुटत दोनदा घोकले आणि सायकलवर टांग टाकली.

एक हौद वाया गेला, एक वाचला. मुंबईहून आल्यावर साहेबांनी चट्ट्यांबद्दल मामांना सगळ्यांदेखत झापलं. मामांनी ऐकून घेतलं. माझं नाव काढलं नाही. मी त्या दिवशी कामावर नव्हते. मला हे चौथ्या दिवशी कळलं, तेही दुसऱ्या पाळीच्या रंगाऱ्याकडून. त्याच दिवशी मी त्या रंगाऱ्यालाही आकडा सांगितला. आता आम्ही तिघं, आणि पाकिटामुळे चौथे साहेब.

माझं चुकलं ते इथं. आकडा दिला हे चुकलं नाही. आजही तसं वाटत नाही. पण आकडा दिला हे मी साहेबांच्या समोर जाऊन सांगायला हवं होतं, आणि तुमचा तो कागद चालण्यासारखा नाही, हेही. मी सांगितलं नाही. नवी नोकरी होती, ती गमवायची नव्हती. कागदावर एक आणि कोठीवर दुसरं, असं सात-आठ महिने सुरळीत चाललं, आणि सुरळीत चाललंय म्हणून मी गप्प राहिले.

हायड्रो ही पांढरी पूड. सुताला रंग धरायला ती लागते. कोरडी असेल तर गरीब. पण थोडंसं पाणी लागलं की ती आतल्या आत तापायला लागते, गंधकाचा जळका वास सोडते आणि पेटते. म्हणून तिचा डबा बंद करताना आतली पिशवी पिळून बांधायची आणि वरचं झाकण ठोकून बसवायचं. पूड काढायचं पत्र्याचं माप कोरडं करून खिळ्याला टांगायचं. सुटीच्या आदल्या संध्याकाळी हे सगळं मी माझ्या हातानं केलं होतं. शेवटचं कुलूपही मीच लावलं होतं.

सुटीनंतरच्या सकाळी मी सायकलवरून गेटात शिरले आणि नाकाला वास आला. कोठीच्या दाराच्या फटीतून पांढरट धूर निघत होता. मामा माझ्या आधी पोचले होते. ते कुलपाची चाकं फिरवत होते आणि पितळ तापल्यामुळे बोटं मागं घेत होते, पुन्हा लावत होते. दार उघडलं तसा धुराचा लोट अंगावर आला. डोळ्यांतून पाणी, छाती भरून खोकला. कुणीतरी हौदावरून बादली भरून धावत आला.

"नीळ्ळु वद्दु!" मामा त्याच्या आडवे झाले. घाईत त्यांच्या तोंडून तेलुगूच आलं, मग ओरडले, "पाणी नको! पाणी नको! वाळू आणा!"

दाराशीच एक डबा धुमसत होता. त्याच्या शेजारी आणखी पाच भरलेले. मामांनी गोणपाट हाताला गुंडाळलं आणि डबा कवटाळून ओढायला लागले. मी दुसऱ्या गोणपाटानं मागून ढकलला. उंबऱ्यापाशी तो अडकला तेव्हा झाकणाच्या कडेनं जाळ बाहेर आला आणि मामांच्या हातावरचं गोणपाट पेटलं. त्यांनी डबा सोडला नाही. अंगणात आल्यावरच सोडला. लोकांनी वाळू टाकली, पण तो बराच वेळ निळसर जळत राहिला. कोठी वाचली. कोठीला लागून रंगखातं, आणि रंगखात्यात त्या वेळी चाळीस माणसं होती.

मामांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

त्यांना टांग्यात घालून दवाखान्यात पाठवलं आणि मी पुन्हा कोठीत गेले. खिळ्याला माप नव्हतं. अंगणात डबा विझल्यावर त्यात काठी घालून बघितलं. माप त्याच्या आत होतं.

तासाभरानं साहेब आले. काय झालं ते त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. मग पहिला प्रश्न विचारला, "दार कुणी उघडलं?"

"मामांनी," मी म्हणाले.

"त्याला आकडा कसा माहीत?"

मी उत्तर द्यायच्या आत ते ऑफिसात निघून गेले होते. दुपारी नोटीस लागली. कोठीच्या कुलपाचा आकडा अनधिकारानं मिळवून निष्काळजीपणे आग लावल्याबद्दल मामा चौकशी होईपर्यंत कामावरून बंद. खाली, आकडा ज्यांना माहीत असेल त्यांनी आपण होऊन ऑफिसात नावं द्यावीत, असा हुकूम.

नोटीस वाचून मी तशीच गेटाकडे निघाले. गेटावर एक म्हातारे पहारेकरी होते, दखनी बोलणारे. मी सायकल काढत होते तेव्हा ते कुणी ऐकत नाही हे बघून म्हणाले, "बाई, सुटीके दिन साब आये थे. दो मेहमान लेको. कोठी खोलके दिखाये उन्हे." आणि लगेच हात जोडले. "मेरा नाम मत लेना. बुढापे में किधर जाऊं मैं?"

मी म्हटलं, "नाही घेणार."

घरी आईला सगळं सांगितलं. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं. आई घाबरली की कानडीवर यायची. "सुम्न इरु," ती म्हणाली. गप्प बस. वडील दुकानातून आल्यावर त्यांनीही तेच सांगितलं, मराठीतून. "तुला कुणी काही विचारलंय का? नाही ना? मग आपण होऊन कशाला?" मी म्हटलं, "मामांचे हात बघितलेत का तुम्ही?" जेवताना वडिलांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी वाढली. ते असं कधी करत नसत.

चौकशी तिसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत झाली. मालक खुर्चीवर, साहेब त्यांच्या उजव्या बाजूला उभे. मामा दाराजवळ, हातांना पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या. मला बसायला सांगितलं. मामा उभे आहेत म्हटल्यावर मी बसले नाही.

साहेबांनी माझी सही असलेला कागद मालकांपुढे ठेवला. मग माझ्याकडे कोरा कागद सरकवला. "बाई, तुमची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. आकडा ह्या माणसानं तुमच्या नकळत बघितला, एवढं लिहून द्या. आणि आणखी कुणाकुणाला तो माहीत होता, त्यांची नावं."

"नकळत नाही बघितला. मी सांगितला," मी म्हणाले.

"विचार करून बोला."

"विचार करून आलेय. तो कागद मी मोडला. आकडा मी दिला, आणि तुम्ही पुन्हा मुंबईला गेलात आणि मी पुन्हा आजारी पडले, तर पुन्हा देईन. नावं पाहिजेत तर एकच लिहून देते, माझं."

मामा दाराजवळून म्हणाले, "बाई, माज्यासाठी करू नका असं."

"तुमच्यासाठी नाही करत, मामा. खरं आहे म्हणून सांगते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे निष्काळजीपणा तुम्ही कबूल करताय. मालक, दोघांनाही..."

"थांबा," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सुटीच्या आदल्या दिवशी डबा मी बंद केला. माप मी खिळ्याला टांगलं. आगीनंतर ते डब्याच्या आत सापडलं. मधल्या दिवशी कोठी कुणीतरी उघडली. साहेब, आकडा माहीत असणाऱ्यांत तुम्हीही आहात. पाकीट तुमच्याकडे आहे. मला फक्त एवढं विचारायचंय, सुटीच्या दिवशी तुम्ही कोठी उघडली होती का?"

मी पहारेकऱ्यांचं नाव घेतलं नाही, घेणारही नव्हते. साहेबांनी "नाही" म्हटलं असतं तर माझ्याकडे पुढे काहीच नव्हतं.

ते काही बोलायच्या आतच मालक म्हणाले, "सुटीच्या दिवशी? त्या दिवशी तर मी माझे पाहुणे पाठवले होते, कारखाना बघायला. तुम्हीच फिरवलंत ना त्यांना?"

साहेबांनी रुमाल काढला. "हो, म्हणजे... कोठी त्यांना लांबूनच... एक डबा उघडून पूड दाखवली असेल. हाताला लागली म्हणून त्यांतल्या एकानं हात धुतले, माप धुऊन दिलं, ते मी परत डब्यात टाकलं. पण त्यानं काय होतंय?"

"त्यानंच होतं," मामा म्हणाले. इतक्या साध्या आवाजात, की ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मालकांनी टेबलावरच्या माझ्या सहीकडे बघितलं. मग निर्णय दिला. मामा कामावर राहतील, हात बरे होईपर्यंतचा पगार मिळेल. साहेबांना ते आमच्यासमोर काहीच बोलले नाहीत. मला लेखी समज. कागद मोडला तो मोडला, असं ते म्हणाले.

"समज घेते," मी म्हणाले. "पण तो कागदही रद्द करा. पुन्हा कुणाकडून तशी सही घेऊ नका. ती पाळता येत नाही, म्हणून प्रत्येकजण ती मोडतो आणि लपवतो. मग आग लागली की ज्याचे हात भाजले तोच सापडतो."

"मग काय करायचं म्हणता?"

मी आदल्या दिवशी लिहून नेलेला कागद ठेवला. आकडा तिघांकडे: मी, मामा आणि दुसऱ्या पाळीचा रंगारी. तिघांची नावं दारावर उघड लावायची. दर महिन्याला आकडा बदलायचा, आणि तिघांपैकी कुणी काम सोडलं तर त्याच दिवशी. दाराशी वही. जो उघडेल त्यानं वेळ आणि सही. बाकी कुणालाही आत जायचं असेल तर तिघांपैकी एकाला बरोबर घेऊन, आणि वहीत त्याचीही सही.

मालकांनी दोनदा वाचलं. "यात मॅनेजरचं नाव नाही."

"साहेबांना रंग काढायचा नसतो."

मालक हसले नाहीत. पण त्यांनी पेन काढलं आणि कागदाच्या तळाशी सही केली. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

ती लेखी समज माझ्या फाइलीत लागली. पुढची अडीच वर्षं मला कायम केलं नाही. गुप्त अहवालात साहेबांनी माझ्याबद्दल 'हट्टी' आणि 'वरिष्ठांचा मान न राखणारी' असं इंग्रजीत लिहिल्याचं कारकुनानं मला सांगितलं. दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. मी त्या कारकुनाला म्हटलं, "स्पेलिंग तरी बरोबर लिहिलंय का त्यांनी?" घरी मात्र सांगितलं नाही.

मामा सहा आठवड्यांनी परत आले. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती, तरी चाकं फिरवता येत होती. मी त्यांना वही दाखवली. ते म्हणाले, "बाई, मला तुमचं अक्षर येत न्हाय."

"तुमचं येतं की."

त्यांनी तेलुगूत सही केली. गोल गोल अक्षरं, वाकड्या बोटांनी ओढलेली, इतर सगळ्या सह्यांपेक्षा मोठी.

दोन-चार दिवसांनी साहेब कोठीपाशी आले. त्यांना एका व्यापाऱ्याला दाखवायला रंगाचा नमुना हवा होता. मी आणि मामा दोघंही तिथंच होतो. सवयीनं साहेबांचा हात कुलपाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"आकडा काय आहे आता?" त्यांनी विचारलं.

"मी उघडून देते, साहेब. आधी वहीत सही करा."

"मी ह्या कारखान्याचा मॅनेजर आहे."

"माहीत आहे."

रंगखात्यातला हौदावरचा खडखडाट थांबला होता. सगळे बघत होते हे मला पाठीमागं न बघताही कळत होतं. शेवटी साहेबांनी वही ओढली, पान बघितलं आणि बोट ठेवलं.

"हे काय आहे? हे कोण वाचणार?"

"मामांची सही आहे. ज्यानं केली त्याला वाचता येते. मलाही आता ओळखता येते."

मामांनी कानामागची पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. साहेबांनी ती घेतली नाही. खिशातलं स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि मामांच्या सहीच्या खालच्या ओळीत आपली सही केली. मी कुलूप उघडलं, नमुना काढून दिला आणि दार पुन्हा लावलं. ते गेल्यावर मामा हौदाकडे वळले आणि सूत उलटायला लागले.